पोलादमळीच्या खडीचा टिकाऊपणा

पोलाद तयार करताना भट्टीतील वितळलेल्या धातूवर जो अधातवीय पदार्थ तरंगतो, त्यास पोलादमळी म्हणतात. ही मळी थिजल्यावर दगडासारखी कठीण होते. ती फोडून व चाळून रस्त्याच्या थरांत खडी म्हणून वापरता येते. कारखान्यांत आणि बांधकाम क्षेत्रात तिला ‘स्टील स्लॅग’ किंवा नुसते ‘स्लॅग’ म्हणण्याची पद्धत आहे. कठीणपणा, झिजेला होणारा विरोध आणि टायरला मिळणारी पकड या बाबतींत ही खडी चांगल्या बेसाल्टच्या तोडीची, काही वेळा त्याहून सरस ठरते. तथापि तिच्यात चुना आणि मॅग्नेशिया मुक्त स्वरूपात शिल्लक असतील तर पाण्याच्या संपर्काने त्यांचे आकारमान वाढते. परिणामी थर उचलला जातो, पृष्ठभागाला तडे जातात आणि वरवर भक्कम दिसणारा रस्ता काही वर्षांत निकामी होऊ शकतो. म्हणून या खडीच्या टिकाऊपणाचा प्रश्न मुख्यतः बळाचा नसून आकारमानाच्या स्थैर्याचा आहे. फुगण्याची जी क्रिया रस्त्यात व्हायची, ती रस्त्यात जाण्यापूर्वीच घडवून आणणे, हे टिकाऊपणा वाढविण्याच्या बहुतेक पद्धतींचे तत्त्व आहे.

मळीचे प्रकार

लोह-पोलाद उद्योगातील सर्व मळी एकसारखी नसते. प्रकारांची सरमिसळ हे रस्ते बिघडण्याचे एक कारण असल्याने त्यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

झोतभट्टीतील मळी : लोहखनिजापासून कच्चे लोखंड काढताना ही मळी निघते. ती हवेत सावकाश थंड केल्यास दगडासारखी होते आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने एकदम थंड केल्यास वाळूसारखे काचमय कण मिळतात. हे कण दळून सिमेंटमध्ये मिसळतात. या मळीत मुक्त चुना सहसा नसतो.

परिवर्तकातील मळी : कच्च्या लोखंडात शुद्ध प्राणवायू फुंकून पोलाद करताना ही मळी तयार होते. ही पद्धत १९५२ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे औद्योगिक प्रमाणावर सुरू झाली. लिंझ व डोनाविट्झ या गावांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘एलडी’ पद्धत म्हणतात. भारतात ती प्रथम राउरकेला येथे आली. या मळीत मुक्त चुन्याचे प्रमाण अधिक असते.

विद्युत प्रज्योत भट्टीतील मळी : मोडीचे पोलाद किंवा स्पंज आयर्न विजेच्या ज्योतीने वितळवताना ही मळी निघते. तिच्यात मुक्त चुना तुलनेने कमी असतो, म्हणून खडीसाठी ती अधिक सोयीची मानली जाते.

लॅडलमधील मळी : पोलादाचे अंतिम शुद्धीकरण करताना ही मळी निघते. ती थंड होताना अनेकदा आपोआप पिठासारखी भुकटी होते. ती खडीत मिसळणे योग्य नाही.

इतिहास

रस्त्यासाठी मळी वापरण्याची प्रथा प्राचीन आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागातील वील्ड प्रदेशात रोमन काळात लोखंड गाळण्याचा मोठा उद्योग होता आणि तेथील काही रोमन रस्त्यांवर लोहमळीचा थर आढळतो. आधुनिक काळात एडगर पर्नेल हूली या इंग्रज अभियंत्याचे नाव या संदर्भात घेतले जाते. १९०१ मध्ये डर्बीशायरमधील डेन्बी येथील लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्यावर डांबर सांडले होते आणि ते झाकण्यासाठी त्यावर मळी पसरण्यात आली होती. तेवढा भाग धूळरहित व घट्ट झाल्याचे हूली यांच्या लक्षात आले. १९०२ मध्ये त्यांनी डांबर व मळी यांच्या मिश्रणाचे एकस्व घेतले आणि त्यातून ‘टारमॅक’ हे नाव प्रचलित झाले.

ही मळी झोतभट्टीतील होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्राणवायू फुंकण्याची पद्धत जगभर पसरली आणि पोलादमळीचे ढीग साचू लागले. झोतभट्टीच्या मळीचा अनुभव चांगला होता, म्हणून पोलादमळीही तशीच वागेल असे गृहीत धरले गेले. मात्र अनेक ठिकाणी ती फुगून फरश्या, पाया आणि रस्ते उचलले गेले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात डांबरी थरांना नकाशातील रेषांसारखे तडे गेल्यानंतर १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील परिवहन खात्याने डांबरी मिश्रणात पोलादमळी वापरण्यास स्थगिती दिली. अशा अनुभवांनंतर खडीचा कठीणपणा आणि तिचे स्थैर्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे तत्त्व मानकांत रुजले.

गुणधर्म

पोलादमळीच्या खडीचे विशिष्ट गुरुत्व साधारणपणे ३.१ ते ३.६ असते, बेसाल्टचे ते २.८ ते ३.० च्या आसपास असते. लोहाच्या ऑक्साइडांमुळे ही खडी जड असते. तिचे तुकडे कोनदार व खरबरीत असल्याने ते एकमेकांत घट्ट अडकतात आणि दबाईनंतर थराला चांगले बळ येते. वाहनांच्या चाकांखाली ती गुळगुळीत होत नाही, त्यामुळे ओल्या रस्त्यावर घसरण्याचा धोका कमी राहतो. तिचा पृष्ठभाग क्षारधर्मी असतो आणि डांबरात आम्लधर्मी घटक असतात, म्हणून डांबर तिला घट्ट चिकटते. क्वार्ट्झयुक्त दगडावरून पावसाळ्यात डांबर सुटते, तसे येथे सहसा होत नाही. मात्र खडी सच्छिद्र असल्यास ती अधिक डांबर शोषते आणि खर्च वाढतो.

अस्थैर्याची कारणे

मुक्त चुना : पोलाद शुद्ध करताना सिलिका, फॉस्फरस इत्यादी अशुद्धी बांधून घेण्यासाठी भट्टीत चुनकळी टाकतात. परिवर्तकातील फुंकण्याची क्रिया काही मिनिटांतच उरकते. तेवढ्या वेळात सर्व चुनकळी विरघळत नाही आणि तिचे कण मळीत तसेच राहतात. मळी थंड होतानाही काही चुना स्वतंत्र होतो. पाणी लागताच हा चुना विरतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनताना त्याचे आकारमान जवळजवळ दुप्पट होते. चुन्याचे बांधकाम करणाऱ्या जुन्या गवंड्यांना हा गुणधर्म परिचित होता. चुना ते कित्येक दिवस भिजवून ठेवीत, कारण न विरलेली एखादी कणी गिलाव्यात राहिली तर ती पुढे फुगून गिलाव्याला फोड येत असे. रस्त्यात हीच क्रिया मोठ्या प्रमाणावर घडते.

मुक्त मॅग्नेशिया : भट्टीच्या आतील उच्चतापसह विटांचे रक्षण व्हावे म्हणून डोलोमाइट टाकून मळीतील मॅग्नेशिया मुद्दाम वाढवितात. झिजलेल्या विटांचे तुकडेही मळीत येतात. मॅग्नेशियाचे हायड्रॉक्साइड होताना आकारमान दुपटीहून अधिक वाढते. ही क्रिया अतिशय मंद असून तिला महिने, कधी वर्षे लागतात. त्यामुळे पहिला पावसाळा निभावलेला रस्ता पुढेही सुरक्षित राहील असे म्हणता येत नाही. तथापि मळीतील सर्व मॅग्नेशिया घातक नसतो. लोह व मँगनीज यांच्या ऑक्साइडांशी एकजीव झालेला मॅग्नेशिया बहुतांशी निष्क्रिय राहतो, म्हणून केवळ एकूण प्रमाणावरून धोक्याचा अंदाज करता येत नाही.

डायकॅल्शियम सिलिकेटचे रूपांतर : मळी थंड होताना या संयुगाची स्फटिकरचना बदलते. सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या खाली त्याचे बीटा रूप गॅमा रूपात जाते आणि आकारमान १० टक्क्यांहून अधिक वाढते. त्यामुळे तुकडे आतून फुटून भुकटी होते. हे रूपांतर थंड होतानाच घडत असल्याने भुकटी चाळून वेगळी करता येते.

टिकाऊपणा वाढविण्याच्या पद्धती

भट्टीतील नियंत्रण : चुनकळी योग्य आकाराची, सच्छिद्र व लवकर विरघळणारी असल्यास मुक्त चुना कमी राहतो. चुन्याचे प्रमाण घटविणे हाही उपाय आहे. परंतु त्यामुळे फॉस्फरस नीट निघत नाही. मॅग्नेशिया कमी केल्यास भट्टीचे अस्तर लवकर झिजते. कारखान्याच्या दृष्टीने पोलाद हे मुख्य उत्पादन असल्याने भट्टीत मळीसाठी करता येण्याजोग्या तडजोडीला मर्यादा पडतात. म्हणून पुढील उपाय मळी भट्टीबाहेर आल्यावर केले जातात.

वितळलेल्या मळीवरील प्रक्रिया : जर्मनीतील ड्यूसबुर्ग येथे थिसेन कंपनीने वितळलेल्या मळीत कोरडी वाळू व प्राणवायू फुंकण्याची पद्धत विकसित केली. वाळूतील सिलिका मुक्त चुन्याशी संयोग पावते आणि प्राणवायूमुळे होणाऱ्या ऑक्सिडीकरणाची उष्णता मळीला वितळलेल्या अवस्थेत ठेवते. अशा मळीतील मुक्त चुना १ टक्क्याच्या खाली आणता येतो. चुना मूळ रचनेतच बांधला जात असल्याने ही पद्धत मूलगामी आहे, पण तिच्यासाठी वेगळी यंत्रणा व वेळ लागतो.

शीतन व स्थिरीकारके : मळी वेगाने थंड केल्यास डायकॅल्शियम सिलिकेटचे बीटा रूप टिकून राहते. अल्प प्रमाणात बोरेट मिसळल्यानेही तोच परिणाम साधतो. परिवर्तकातील मळीत मुळातच फॉस्फरस असल्याने तिच्यात या रूपांतराचा त्रास कमी होतो.

उघड्यावर मुरवणे : सर्वांत जुनी व सोपी पद्धत म्हणजे फोडलेल्या मळीचे ढीग उघड्यावर ठेवून त्यांवर पाणी शिंपडणे आणि ते वेळोवेळी उलटेपालटे करणे. यास काही महिन्यांपासून एक वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. ढीग फार उंच असल्यास पाणी आतपर्यंत पोहोचत नाही. वरचा थर हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे कवचासारखा बंद झाला तर आतील मळी कच्ची राहते. म्हणून ढीग किती दिवस पडून होता, यावरून तो पक्व झाला असे ठरविता येत नाही. त्याची चाचणीच घ्यावी लागते. पावसाळी प्रदेशात पाऊस हे काम काही अंशी फुकट करून देतो, परंतु ढिगातून वाहणारे क्षारयुक्त पाणी अडविण्याची व्यवस्था करावी लागते.

वाफेने मुरवणे : उष्णता व आर्द्रता एकत्र आल्यास चुना विरण्याची क्रिया फार जलद होते. जपानमध्ये मळीच्या राशींवर आच्छादन घालून खालून वाफ सोडण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे महिन्यांचे काम काही दिवसांवर आले. बंद पात्रात दाबाखाली वाफ दिल्यास तेच काम काही तासांत होते. भारतात टाटा स्टीलने जमशेदपूर येथे वाफेने मळी मुरविण्याची सोय उभारली आहे.

कार्बोनेटीकरण : ओलसर मळीवर कार्बन डायऑक्साइड वायू सोडल्यास मुक्त चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचे मुख्य संयुग तयार होते. ते खडीच्या छिद्रांत बसून पाण्याला अटकाव करते, पाझराचा क्षारपणा कमी करते आणि काही कार्बन डायऑक्साइड कायमचा बांधूनही टाकते. क्रिया पृष्ठभागाकडून आत जात असल्याने मोठ्या तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत ती पोहोचणे कठीण असते.

फोडण्याचा क्रम : कोणतीही पद्धत वापरली तरी प्रथम चुंबकाने धातूचे तुकडे वेगळे करणे, मग अंतिम आकाराला फोडणे व चाळणे आणि त्यानंतर मुरवणे हा क्रम महत्त्वाचा असतो. मुरविलेली मळी पुन्हा फोडल्यास आतील न विरलेला चुना उघडा पडतो आणि आधीचे श्रम काही अंशी वाया जातात.

चाचण्या

दगडी खडीसाठी असलेल्या आघातमूल्य, लॉस एंजेलिस झीज, पाणी शोषण इत्यादी नेहमीच्या चाचण्या पोलादमळीलाही लावतात. भारतात त्यांच्या पद्धती ‘आयएस २३८६’ या मानकात दिल्या आहेत. त्यातच सोडियम किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणात खडी पाच वेळा भिजवून वाळविण्याची चाचणी आहे. ऊन-पावसाने दगड कितपत फुटेल, याचा अंदाज तिच्यातून येतो. या सर्व चाचण्यांत उत्तम ठरलेली मळीदेखील पुढे फुगू शकते, कारण मुक्त चुन्याचा दीर्घकालीन परिणाम मोजणे हा त्यांचा हेतूच नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचण्या कराव्या लागतात.

अमेरिकेतील ‘एएसटीएम डी ४७९२’ या पद्धतीत साच्यात दाबलेला नमुना सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात किमान ७ दिवस ठेवून त्याची वाढ मोजतात. युरोपातील ‘ईएन १७४४-१’ या मानकातील चाचणीत दाबलेल्या नमुन्यातून वाफ जाऊ देतात. मॅग्नेशियाचे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असल्यास ही चाचणी २४ तास आणि त्याहून अधिक असल्यास १६८ तास चालते. मॅग्नेशियाची मंद क्रिया लक्षात घेऊनच हा फरक केलेला आहे.

मुक्त चुना रासायनिक रीतीने मोजताना एथिलीन ग्लायकॉलचा वापर करतात. परंतु या द्रावकात न विरलेला व विरलेला असा दोन्ही प्रकारचा चुना उतरतो. त्यामुळे मुरविलेल्या मळीत धोका आहे त्यापेक्षा अधिक दिसू शकतो. नमुना तापवून त्याच्या वजनातील घट मोजल्यास विरलेल्या चुन्याचे प्रमाण वेगळे काढता येते.

रस्त्याच्या थरांतील वापर

फुगण्याचा परिणाम खडी कोणत्या थरात आहे, यावरही अवलंबून असतो. डांबरी मिश्रणात प्रत्येक तुकड्याभोवती डांबराचे आवरण असल्याने पाणी सहज पोहोचत नाही; मात्र ओंटारिओच्या अनुभवावरून दिसते की, हे आवरण कच्च्या मळीला कायमचे संरक्षण देत नाही. बंधक नसलेल्या आधारथरात पाणी मुक्तपणे फिरते, म्हणून तेथे मुरविलेली मळीच वापरावी लागते. इमारतीच्या जोत्याखाली, पुलाच्या भिंतीमागे किंवा काँक्रीटच्या फरसबंदीखाली फुगण्यास वाव नसतो आणि अल्प वाढही मोठा दाब निर्माण करते. अशा जागी पोलादमळी टाळण्याकडे कल असतो. थरातून पाण्याचा निचरा होईल अशी रचना सर्वत्र आवश्यक असते.

भारतातील वापर

भारतीय रस्ते काँग्रेसने २०१८ मध्ये ग्रामीण रस्त्यांसाठी लोह, पोलाद व तांबे यांच्या मळीच्या वापराविषयी ‘आयआरसी एसपी १२१’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. काँक्रीटच्या खडीविषयीच्या ‘आयएस ३८३’ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतही लोह व पोलाद मळीच्या खडीला मर्यादित प्रमाणात स्थान मिळाले.

नवी दिल्लीतील केंद्रीय मार्ग संशोधन संस्थेच्या तंत्रज्ञानानुसार गुजरातमधील सुरतजवळ हजिरा येथे पोलादमळीच्या खडीचा सहा पदरी रस्ता बांधण्यात आला. सुमारे १ लाख टन प्रक्रिया केलेली मळी वापरून बांधलेल्या या रस्त्याचे उद्घाटन जून २०२२ मध्ये झाले. त्याच्या सर्व थरांत नैसर्गिक खडीऐवजी मळी वापरली असून बंदराकडे जाणारी अवजड वाहने त्यावरून धावतात. अरुणाचल प्रदेशात सीमा रस्ते संघटनेने जोराम–कोलोरियांग मार्गावर जमशेदपूरहून आणलेली मळी वापरली.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील जेएसडब्ल्यू स्टीलच्या कारखान्यातील मळीवर प्रक्रिया करून मुंबई–गोवा महामार्गाच्या, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या, पनवेल–इंदापूर टप्प्यात सुमारे १ किलोमीटर लांबीचा भाग बांधण्यात आला. त्याचे उद्घाटन जानेवारी २०२४ मध्ये झाले. कोकणातील जोरदार पावसामुळे हा भाग स्थैर्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे थरांत पाणी शिरण्याची शक्यता दरवर्षी असते. मॅग्नेशियाची क्रिया मंद असल्याने असे रस्ते अनेक वर्षे निरीक्षणाखाली ठेवल्यावरच त्यांच्या टिकाऊपणाविषयी अंतिम निष्कर्ष काढता येईल.

पर्यावरण व आरोग्य

पोलादमळीच्या वापराने डोंगर फोडून काढाव्या लागणाऱ्या दगडाची बचत होते आणि कारखान्याभोवतीचे ढीग कमी होतात. मात्र मुक्त चुन्यामुळे मळीतून पाझरणारे पाणी तीव्र क्षारधर्मी असू शकते. हे पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरी चुनखडी साचविते आणि त्यामुळे रस्त्याच्या कडेची गटारे व निचऱ्याचे नळ तुंबतात. निचरा तुंबला की थरात पाणी राहते आणि उरलेल्या मुक्त चुन्याला पुन्हा ओलावा मिळतो. मळीत क्रोमियम व व्हॅनेडियम यांचे अंशही असतात. म्हणून वापरापूर्वी पाझराची तपासणी करणे आणि विहिरी, तळी, ओढे यांपासून अंतर राखणे आवश्यक मानले जाते. क्षारयुक्त धूळ डोळ्यांना व त्वचेला झोंबत असल्याने मळी फोडणाऱ्या व पसरणाऱ्या कामगारांना चष्मा, हातमोजे व नाकावरील आवरण देणे गरजेचे असते. नीट मुरविलेल्या मळीत मुक्त चुना कमी राहत असल्याने रस्त्याबरोबरच परिसराचेही रक्षण होते.

मर्यादा

एकाच कारखान्यातील मळी पोलादाच्या प्रतीनुसार आणि प्रत्येक घाण्यागणिक बदलते. त्यामुळे एका नमुन्याचा निकाल संपूर्ण ढिगाला लागू करता येत नाही. ठरावीक अंतराने नमुने घ्यावे लागतात. ही खडी जड असल्याने त्याच जाडीच्या थरासाठी अधिक टन माल वाहून न्यावा लागतो आणि कारखान्यापासून अंतर वाढेल तसा तिचा स्वस्तपणा कमी होतो. मुरवण्यासाठी लागणारी जागा, पाणी, वाफ आणि वेळ हाही खर्चच असतो. कंत्राटाच्या घाईत तो वाचविण्याचा मोह होतो, कारण कच्ची आणि मुरविलेली मळी डोळ्यांना सारखीच दिसते. दोहोंतील फरक केवळ चाचणीने कळतो. म्हणून पक्वतेचा दाखला पाहिल्याशिवाय माल रस्त्यावर न स्वीकारणे, ही या खडीच्या टिकाऊपणाची पहिली अट ठरते.